ब्रिटनचे पक्षनेते: लोकप्रियता, मतं आणि जागा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये निवडणूक झाली की आपल्याकडे तेच वाद सुरू होतात. अमुक नेता एवढा लोकप्रिय होता, मग हरला कसा? तमुक कोणालाच आवडत नव्हता, मग चारशे जागा आणल्या कुठून? या वादांत जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. पक्षांची मराठीत रुळलेली नावंच वापरली आहेत: कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्ष आणि लेबर म्हणजे मजूर पक्ष.

नेत्याची लोकप्रियता मोजतात कशी?

जनमत चाचण्यांनी. पण सगळ्या चाचण्या एकच प्रश्न विचारत नाहीत आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. इप्सॉस ही संस्था (पूर्वीची मोरी) १९७७ पासून विचारत आली आहे की अमुक नेता आपलं काम ज्या पद्धतीने करतोय त्यावर तुम्ही समाधानी आहात की नाराज. समाधानी लोकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की ‘निव्वळ’ आकडा मिळतो आणि तो बहुतेक वेळा उणे असतो. यूगव्ह विचारते की या व्यक्तीबद्दल तुमचं मत चांगलं आहे की वाईट. तिसरा प्रश्न तुलनेचा असतो: या दोघांपैकी चांगला पंतप्रधान कोण होईल?

एखाद्याच्या कामावर मी नाराज असेन, तरी समोरचा उमेदवार पाहून त्यालाच मत देईन. त्यामुळे पहिल्या प्रश्नात नापास झालेला नेता तिसऱ्या प्रश्नात पहिला येऊ शकतो. आकडा वाचण्याआधी प्रश्न कोणता होता ते पाहावं.

ब्रिटिश मतदार पंतप्रधानाला मत देतो का?

नाही. आपल्या लोकसभेसारखंच आहे, किंवा आपणच ती पद्धत त्यांच्याकडून घेतली असं म्हणा. ६५० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात ज्याला सर्वाधिक मतं तो खासदार. निम्म्याहून जास्त मतं मिळायलाच हवीत असं काही नाही. पंतप्रधानाचं नाव फक्त त्याच्या स्वतःच्या मतदारसंघातल्या मतपत्रिकेवर असतं. लिझ ट्रस पंतप्रधानपदावरून गेल्यानंतर २०२४ मध्ये स्वतःच्या साउथ वेस्ट नॉरफोकमध्ये ६३० मतांनी पडल्या. ती जागा त्याआधी हुजूर पक्षाच्या सर्वांत सुरक्षित जागांत मोजली जात होती.

चर्चिल युद्ध जिंकून निवडणूक कसे हरले?

यादीतला सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. मे १९४५ मध्ये गॅलपच्या चाचणीत चर्चिल यांच्या कामाला ८३ टक्के लोकांची पसंती होती. ५ जुलैला मतदान झालं. परदेशी असलेल्या सैनिकांची मतं यायची असल्यामुळे निकाल २६ जुलैला लागला. मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि क्लेमंट अ‍ॅटली पंतप्रधान झाले.

लोक चर्चिल यांच्यावर रागावले होते असं अजिबात नाही. त्यांच्या सभांना तुडुंब गर्दी होत होती. पण ती गर्दी युद्धातल्या सेनानीला पाहायला येत होती, हुजूर पक्षाला मत द्यायला नाही. त्या पक्षाच्या नावावर तिशीच्या दशकातली बेकारी होती आणि हिटलरपुढे नमतं घेण्याचं धोरणही होतं. १९४२ च्या डिसेंबरात बेव्हरिज अहवाल आला होता. आजारपण, म्हातारपण आणि बेकारी या काळात सरकारने आधार द्यावा, ही त्यातली कल्पना लोकांना पटली होती आणि ती राबवील कोण याचं उत्तर मजूर पक्ष हे होतं. त्यातच प्रचाराच्या पहिल्याच रेडिओ भाषणात चर्चिल म्हणाले की समाजवाद राबवायचा तर नाझींच्या गेस्टापो या गुप्त पोलिसांसारखी यंत्रणा लागेल. पाच वर्षं आपल्याच मंत्रिमंडळात उपपंतप्रधानासारखं काम केलेल्या अ‍ॅटलींच्या पक्षाबद्दल हे बोलणं! अ‍ॅटलींनी दुसऱ्या दिवशी शांतपणे उत्तर दिलं आणि ते लोकांना जास्त भावलं.

गंमत म्हणजे पक्षांबद्दलच्या गॅलपच्या चाचण्यांत मजूर पक्ष युद्ध चालू असतानाच पुढे होता. ते आकडे छापून येत होते, पण कोणी फारसे मनावर घेतले नाहीत. सगळ्यांचं लक्ष ८३ टक्क्यांकडे होतं.

जास्त मतं मिळवूनही एखादा पक्ष हरला आहे का?

हो, आणि पहिलं उदाहरण वरच्याच दोघांचं आहे. १९५१ मध्ये अ‍ॅटलींच्या पक्षाला ४८.८ टक्के म्हणजे जवळपास १ कोटी ४० लाख मतं पडली. मजूर पक्षाने तेवढी मतं आधी कधी मिळवली नव्हती आणि नंतरही नाही. जागा मात्र २९५. चर्चिल यांच्या बाजूला मतं दोन लाखांहून जास्त कमी पडली, पण जागा ३२१ आल्या आणि ते परत पंतप्रधान झाले. ८३ टक्के पसंती असताना हरलेला माणूस कमी मतं घेऊन जिंकला.

कारण असं की मजूर पक्षाची मतं खाणींच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यात साठली होती. तिथे पन्नास हजारांनी जिंकलं काय आणि पाच हजारांनी काय, जागा एकच. शिवाय लिबरल पक्षाने त्या वर्षी जेमतेम शंभरावर उमेदवार उभे केले होते. बाकीच्या ठिकाणचे त्यांचे मतदार मोठ्या प्रमाणात हुजूर पक्षाकडे गेले.

फेब्रुवारी १९७४ मध्ये फासे उलटे पडले. एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाला ३७.९ टक्के मतं आणि २९७ जागा, तर हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाला ३७.२ टक्के मतं आणि ३०१ जागा. सरकार विल्सन यांचं झालं.

मार्गारेट थॅचर लोकप्रिय होत्या का?

प्रेम आणि मान या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थॅचरबाईंच्या वाट्याला जो आला तो मान. त्यांना मत देणाऱ्यांतही त्या आवडतात असं न म्हणणारे पुष्कळ होते. १९७९ मध्ये त्यांच्यापेक्षा तेव्हाचा मजूर पक्षाचा पंतप्रधान जेम्स कॅलाहन हा माणूस म्हणून लोकांना जास्त पसंत होता, तेही आदल्या हिवाळ्यातल्या संपांनी सरकारची लाज गेल्यावर. तरी थॅचर यांचा हुजूर पक्ष ४३.९ टक्के मतं घेऊन जिंकला. १९८१ च्या अखेरीला बेकारी वाढत गेली तशी त्यांच्या कामाची पसंती २५ टक्क्यांवर आली. चाचण्या सुरू झाल्यापासून कोणत्याही पंतप्रधानाला मिळालेला तो तोवरचा सर्वांत वाईट आकडा होता.

मग १९८३ मध्ये १४४ चं बहुमत, म्हणजे बाकी सगळ्यांच्या मिळून जागांपेक्षा १४४ जास्त, कुठून आलं? आपल्याकडे याचं झटपट उत्तर ‘फॉकलंडचं युद्ध’ (१९८२ चं, अर्जेंटिनाशी) असं देतात. युद्धाने त्यांची प्रतिमा सावरली हे खरं, पण आकडे पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. १९७९ ला त्यांच्या पक्षाला १ कोटी ३७ लाख मतं होती आणि १९८३ ला १ कोटी ३० लाख. म्हणजे मतं कमी झाली आणि बहुमत तिपटीहून जास्त झालं! हे घडलं मतविभागणीमुळे. १९८१ मध्ये मजूर पक्षातले चार बडे नेते बाहेर पडले. त्यांनी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला आणि लिबरलांशी युती केली. मायकेल फूट यांच्या मजूर पक्षाला २७.६ टक्के मतं मिळाली आणि या युतीला २५.४ टक्के. विरोधी मतांची अशी बरोबर दोन तुकड्यांत वाटणी झाल्यावर ४२ टक्क्यांत ३९७ जागा येतात. महाराष्ट्रातल्या तिरंगी-चौरंगी लढती पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९८७ मध्ये त्या तिसऱ्यांदा जिंकल्या. सार्वत्रिक निवडणूक त्या कधीच हरल्या नाहीत. त्यांना घालवलं ते त्यांच्याच खासदारांनी. माणशी आकारलेल्या पोल टॅक्सवरून लोक खवळले होते, युरोपवरून पक्षात भांडण होतं. नोव्हेंबर १९९० मध्ये मायकेल हेसल्टाइन यांच्याविरुद्धच्या पक्षांतर्गत मतदानात त्यांना २०४ विरुद्ध १५२ मतं पडली. पण नियमाप्रमाणे नुसती आघाडी पुरत नव्हती, ती ठरावीक मोठी लागे; पहिल्या फेरीत जिंकायला आणखी चार मतं हवी होती.

आजवर सर्वाधिक मतं कोणत्या नेत्याच्या पक्षाला पडली?

जॉन मेजर यांच्या. हे उत्तर ऐकून बहुतेकांना धक्का बसतो, कारण मेजर म्हटलं की करडा सूट आणि चष्मा एवढंच आठवतं. १९९२ मध्ये हुजूर पक्षाला १ कोटी ४१ लाखांच्या आसपास मतं पडली. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. बहुमत मात्र फक्त २१ चं. पाच वर्षांनी मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांना १ कोटी ३५ लाख मतांत १७९ चं बहुमत मिळालं आणि मेजर यांच्या पक्षाचं पानिपत झालं: १६५ जागा.

ब्लेअर तीनदा जिंकले, म्हणजे दहा वर्षं लोकप्रिय होते?

मतांकडे पाहिलं तर उतरण स्पष्ट दिसते. १ कोटी ३५ लाख, मग १ कोटी ७ लाख, मग ९५ लाख. २००१ मध्ये मतदानच ५९ टक्क्यांवर घसरलं होतं. २००५ मध्ये इराक युद्धाची नाराजी उघड होती, तरी ३५.२ टक्के मतांवर ३५५ जागा मिळाल्या. समोर हुजूर पक्षाचे नेते विल्यम हेग (२००१) आणि नंतर मायकेल हॉवर्ड (२००५) होते. दोघंही हुशार, पण मतदारांना पंतप्रधान म्हणून न पटलेले. हेग यांनी चार वर्षं घाम गाळून पक्षाच्या जागा १६५ वरून १६६ केल्या.

टीव्हीवरच्या वादात जिंकलेले निक क्लेग मतदानात कुठे गेले?

१५ एप्रिल २०१० ला ब्रिटनमध्ये पक्षनेत्यांचा टीव्हीवरचा पहिला वाद झाला आणि लिबरल डेमोक्रॅटांचे क्लेग रातोरात हिरो झाले. काही चाचण्यांत त्यांचा पक्ष थेट पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर पोचला. निकाल लागला तेव्हा मतं एका टक्क्याने वाढून २३ टक्के झाली होती आणि जागा ६२ वरून ५७ वर उतरल्या होत्या.

तिसऱ्या पक्षाचं हे जुनं दुखणं. पोतंभर साखर विहिरीत ओतली तरी पाणी गोड होत नाही, तशी सगळीकडे पसरलेली मतं वाया जातात. फेब्रुवारी १९७४ मध्ये जेरेमी थॉर्प यांच्या लिबरलांना ६० लाख मतं पडली आणि १४ जागा मिळाल्या. पॅडी अ‍ॅशडाउन यांनी १९९७ मध्ये उलट करून दाखवलं. मतांचा वाटा एका टक्क्याने घटला, पण निवडक मतदारसंघांत जोर लावून ४६ जागा आणल्या, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. २०२४ मध्ये एड डेव्ही यांनी तोच धडा गिरवला. प्रचारात ते तलावात पडत होते, बंजी जंपिंग करत होते, आणि वर्तमानपत्रं हसत होती. मतं ११.६ वरून १२.२ टक्के, जागा ११ वरून ७२. माझ्या मते मतं आणि जागांचा हिशोब गेल्या तीस वर्षांत डेव्हींच्या चमूइतका कोणी चोख केलेला नाही. क्लेग यांच्याइतके ते कधी गाजले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

कॉर्बिन यांना स्टार्मर यांच्यापेक्षा जास्त मतं पडली होती, हे खरं?

खरं आहे, आणि दोन्ही वेळा. जेरेमी कॉर्बिन यांच्या मजूर पक्षाला २०१७ मध्ये १ कोटी २९ लाख आणि २०१९ मध्ये १ कोटी ३ लाख मतं होती. किअर स्टार्मर यांना २०२४ मध्ये ९७ लाख. जागा अनुक्रमे २६२, २०२ आणि ४११.

यावरून दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं बोलतात. कॉर्बिनवाले म्हणतात, बघा, आमचा माणूस जास्त लोकप्रिय होता. पण ज्या लोकांना ते आवडत त्यांना खूप आवडत आणि बाकीच्यांना तितकेच नावडत. सप्टेंबर २०१९ मध्ये इप्सॉसच्या चाचणीत त्यांचा निव्वळ आकडा उणे ६० होता. १९७७ पासून कोणत्याही विरोधी पक्षनेत्याचा तो नीचांक. त्यांच्याविरुद्ध मत द्यायला लोक घराबाहेर पडले. २०१७ मध्ये हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे हरता हरता वाचल्या, पण त्यांच्याही पक्षाला १ कोटी ३६ लाख मतं होती.

स्टार्मरवाले म्हणतात, निवडणूक जागांवर जिंकतात. तेही खरंच. पण ३३.७ टक्के हा एका पक्षाने बहुमत मिळवताना घेतलेला आजवरचा सर्वांत कमी वाटा आहे. समोर हुजूर पक्षाला २३.७ टक्के आणि नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मतं मिळाली. या दोघांची बेरीज ३८ होते. ती बेरीज सरसकट करता येत नाही हे मान्य, कारण रिफॉर्मचा प्रत्येक मतदार मुळात हुजूर पक्षाचा नव्हता. तरी शेकडो जागांवर स्टार्मर यांच्या उमेदवाराला वाट याच फाटाफुटीने मोकळी करून दिली. त्या विजयाला लोकप्रियता म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढे वर्षभरातच ते दिसलं: सप्टेंबर २०२५ मध्ये इप्सॉसने स्टार्मर यांचा निव्वळ आकडा उणे ६६ नोंदवला. तिच्या नोंदींत कुठल्याही पंतप्रधानाचा तोवरचा नीचांक.

मग थेरेसा मे यांचं काय झालं? त्या तर खूपच पुढे होत्या ना?

एप्रिल २०१७ मध्ये सर्वांत सक्षम पंतप्रधान कोण, या इप्सॉसच्या प्रश्नावर ६१ टक्के लोकांनी मे आणि २३ टक्क्यांनी कॉर्बिन म्हटलं होतं. त्या बळावर त्यांनी मुदतीआधी निवडणूक घेतली. मग म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या खर्चासाठी त्यांची घरं हिशोबात धरायचं धोरण जाहीर केलं, चार दिवसांत ते फिरवलं आणि वर ‘काहीच बदललेलं नाही’ असं सांगितलं. नेत्यांच्या वादाला स्वतः न जाता गृहमंत्री अंबर रड यांना पाठवलं. आधीचं बहुमतही गेलं.

बोरिस जॉन्सन?

२०१९ मध्ये ४३.६ टक्के मतं आणि ८० चं बहुमत. तेव्हाही त्यांच्या कामावर समाधानी असलेल्यांपेक्षा नाराज जास्त होते, पण समोर कॉर्बिन होते. शिवाय फराज यांच्या, ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा म्हणणाऱ्या ब्रेक्झिट पार्टीने हुजूर पक्षाच्या ३१७ विद्यमान जागांवर उमेदवारच दिले नाहीत. अडीच वर्षांनी, लॉकडाउनमधल्या पार्ट्यांच्या प्रकरणानंतर, मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावून त्यांना घालवलं.

नेत्याच्या लोकप्रियतेवरून निकाल सांगता येतो की नाही?

एकट्या तिच्यावरून नाही. १९४५, १९७० आणि १९७९ या तिन्ही वर्षी वैयक्तिक पसंतीत पुढे असलेला पंतप्रधान हरला. मात्र १९९२ आणि २०१५ मध्ये पक्षांच्या चाचण्या बरोबरीची लढत दाखवत असताना नेत्याबद्दलचे आणि अर्थव्यवस्था कोण नीट सांभाळेल याबद्दलचे प्रश्न हुजूर पक्षाच्या बाजूने झुकलेले होते, आणि निकालही तसाच लागला. मजूर पक्षाचे त्या वेळचे नेते नील किनॉक आणि एड मिलिबँड या दोघांना लोकांनी पंतप्रधान म्हणून कधी डोळ्यांपुढे आणलंच नाही. त्यामुळे मी नेता आणि अर्थव्यवस्था हे दोन आकडे एकत्र वाचतो. ते एकाच दिशेला असतील तर पक्षाच्या चाचणीपेक्षा त्यांच्यावर जास्त विसंबतो.

पक्षाच्या सदस्यांना आवडलेला नेता देशाला का आवडत नाही?

कारण सदस्य वेगळे आणि मतदार वेगळे. हुजूर पक्षाने नेतानिवडीची शेवटची फेरी १९९८ च्या नियमांनी सदस्यांच्या हाती दिली. त्यातून आलेले पहिले नेते इयान डंकन स्मिथ. दोन वर्षांत खासदारांनी त्यांना ९० विरुद्ध ७५ मतांनी काढलं, एकही सार्वत्रिक निवडणूक न लढता. ट्रस यांनी २०२२ मध्ये ऋषी सुनक यांना ५७ टक्के मतं घेऊन हरवलं आणि ४९ दिवसांत पद गमावलं. कॉर्बिन यांच्यावर २०१६ मध्ये १७२ खासदारांनी अविश्वास दाखवला, बाजूने फक्त ४० होते. त्यानंतर सदस्यांनी त्यांनाच आधीपेक्षा जास्त मतांनी पुन्हा निवडलं.

सुनक भारतीय वंशाचे म्हणून हरले का?

पुण्या-मुंबईत हे बरंच ऐकू येतं, पण आकडे त्याला आधार देत नाहीत. ट्रस यांच्या सप्टेंबर २०२२ च्या मिनी बजेटने व्याजदर भडकले आणि गृहकर्जाचे हप्ते वाढले. सुनक येण्याआधीच पक्ष चाचण्यांत मजूर पक्षाच्या खूप मागे पडला होता. त्यांनी स्वतः भर घातली ती वेगळी: भर पावसात छत्रीशिवाय निवडणूक जाहीर केली आणि नॉर्मंडीतल्या डी-डे (१९४४ ची दोस्त सैन्याची चढाई) स्मरणाच्या कार्यक्रमातून लवकर परतले. पक्ष १२१ जागांवर आला, इतिहासातला नीचांक. स्वतःची यॉर्कशायरमधली, बहुसंख्य गोऱ्या मतदारांची जागा मात्र त्यांनी राखली.

फराज यांना यशस्वी म्हणायचं का?

खासदारकीचा हिशोब केला तर सात पराभवांनंतर २०२४ मध्ये क्लॅक्टनमधून ते पहिल्यांदा निवडून आले. त्यांच्या यूकिप पक्षाला २०१५ मध्ये ३९ लाख मतांवर एक जागा मिळाली आणि रिफॉर्मला २०२४ मध्ये ४१ लाखांवर पाच. म्हणजे एका जागेमागे सुमारे सव्वाआठ लाख मतं, तेव्हा मजूर पक्षाला एका जागेमागे २३,६०० पुरली. पण युरोपीय संसदेच्या निवडणुकीत, जिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळत, तिथे त्यांचे पक्ष २०१४ आणि २०१९ मध्ये पहिले आले होते. आणि ब्रेक्झिटचं सार्वमत तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी कबूल केलं ते काही अंशी याच माणसाच्या धास्तीने. एकही खासदार नसताना देशाचं धोरण वळवणारा दुसरा नेता मला तरी आठवत नाही.

लंडनमध्ये शिकणारा माझा मुलगा तिथे मत देऊ शकतो का?

हो. राष्ट्रकुल देशांचे नागरिक, त्यात भारतीयही आले, वैध परवान्यावर तिथे राहत असतील आणि वय बसत असेल तर ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. नाव मात्र आधी मतदार यादीत नोंदवावं लागतं. केंद्रावर जाऊन मत द्यायचं तर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.